किल्ली कर्नलकडे नाही

ऑफिसात तिला सगळे कडीकाकू म्हणत. वयानं मोठी म्हणून काकू, आणि कुठलंही दार आपल्यामागं नीट लागलं का हे ओढून बघायची खोड म्हणून कडी. पन्नाशी उलटलेली बाई, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याची बायको. मुलगी शाळेत जायला लागल्यावर कॉम्प्युटर शिकायला बसली, आणि शिकली ती अशी की थेट कर्नलपर्यंत जाऊन पोचली. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला घरधनी. कुठल्या प्रोग्रामला मेमरीतली कुठली खोली द्यायची, हे तोच ठरवतो.

कंपनी पंप बनवायची, रुग्णाच्या उशाशी लावायचे, थेंबथेंब औषध सोडणारे. त्यात बाहेरचा कुणी शिरला तर काय होईल, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

काकूचा नियम सोपा होता. ज्या खोलीत यंत्राचे हुकूम ठेवलेत तिथं कुणी काही लिहायचं नाही, आणि जिथं लिहिता येतं तिथलं काही हुकूम म्हणून चालवायचं नाही. मागच्या वर्षी कंपनीनं तो तपासायला पैसे देऊन एक चोर बोलावला. हो हो, असाही धंदा असतो! सगळे त्याला चोरच म्हणत, आणि तोही हसत ओ देई. त्यानं भर बैठकीत पंपाचा वेग असा वाढवला की खाली ठेवलेल्या बादलीत धारच लागली. घोडं पेंड खात होतं ते इथं: खोली एकच, पण कर्नलच्या लेखी तिचे पत्ते दोन. काकूनं एका पत्त्यावर कुलूप घातलं आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या पत्त्यानं आत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!

त्या दिवशी तिला घास उतरेना. "बादलीच्या जागी माणूस असता तर, अहो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"नव्हता ना? मग आता त्या चोराला बघून घे," तो म्हणाला.

आणि काकूनं बघून घ्यायचं ठरवलं. नवं कुलूप तिनं पत्त्यावर नाही, खोलीवरच घातलं, आणि तेही चिपच्या हातून. कुठल्याही पत्त्यानं या, कुलूप तेच. वर किल्ली ठेवली कर्नलच्याही खाली बसलेल्या एका छोट्याशा पहारेकरी प्रोग्रामकडे. कर्नलचा हात तिथं पोचतच नाही.

विभागाच्या साहेबांना हे काही पचेना. "घरधन्यालाच स्वतःच्या घराची किल्ली नाही? हा कुठला न्याय, काकू?"

"साहेब, चोर आधी घरधन्याचाच गळा धरतो. त्याच्याकडे किल्लीच नसली तर काय नेईल, कपाळ?"

सगळे हसले, साहेब सोडून. पंप सुरू व्हायला आता जरा वेळ लागत होता, ते त्यांना खुपत होतं. शेवटी त्यांनी निवाडा दिला, "चोराला परत बोलवू. तो शिरला तर तुमचं कुलूप निघणार, आणि तुम्ही माहितीपुस्तिका लिहायच्या."

"चालेल," काकू म्हणाली.

चोर आला. टेबलावर पंप, खाली बादली. आधी त्यानं दुसऱ्या पत्त्यानं लिहून पाहिलं. चिपनं नकार दिला. मग लिहिता येणाऱ्या खोलीत स्वतःचे हुकूम ठेवून ते चालवायला गेला. पुन्हा नकार. मग मात्र त्यानं बाह्या सरसावल्या. नेटवर्कच्या भागात एक जुनं भोक हुडकलं आणि थेट कर्नलच काबूत घेतला.

"घरधनी माझ्या मुठीत!" तो ओरडला.

साहेबांनी काकूकडं पाहिलं. काकूनं डोळेच मिटून घेतले. औषधाच्या वेगाची मर्यादा सांभाळणारे हुकूम तिनं कुलूप घातलेल्या त्याच खोलीत होते.

चोरानं कर्नलच्या तोंडून फर्मावलं, कुलूप काढा. नकार. दुसऱ्या वाटेनं फर्मावलं. नकार! घाम पुसत त्यानं होत्या-नव्हत्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. खाली बादलीत थेंब पडत राहिले, एकामागून एक, अगदी पहिल्यासारखे.

शेवटी चोरानं खुर्ची मागं ढकलली. "हरलो बुवा! घरधनी हातात आहे, पण त्याच्याकडे किल्लीच नाही. काकू, ठेवलीत तरी कुठं?"

"तुला सांगायला मी काय दूधखुळी आहे?"

अख्खी खोली हसली. टाळ्या पडल्या. काकूला कळेना, हसावं की मटकन खाली बसावं. जिंकली होती ती, चांगली सगळ्यांदेखत जिंकली होती!

"ते भोक उद्याच बुजवा," साहेब उठत म्हणाले, "आणि हे कुलूप प्रत्येक पंपात गेलं पाहिजे. सुरू व्हायला वेळ लागला तर लागू दे." सगळे पांगेपर्यंत ते रेंगाळले. मग काकूजवळ येऊन हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझ्या वडिलांचं ऑपरेशन आहे. त्यांच्या उशाशी हाच पंप लावायला सांगतोय मी."

"लावा साहेब, बिनघोर लावा," काकू म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.