पाण्याची पेटी

आमच्या विभागात संशोधक पुष्कळ होते, पण यंत्रांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असे. त्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे मला पदवीच्या आधीच कळायचं. मी मेहबूब तांबोळी, तंत्रज्ञ. सोळा संगणक एकमेकांना जोडून आम्ही एक मोठं यंत्र केलं होतं. ते गार ठेवायचं, चालू ठेवायचं आणि दर गुरुवारी सकाळी बंद करायचं, हे माझं काम. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. जगाच्या पाठीवर प्रोटीनचं गणित आठवडाभर चालत असेल, आमच्याकडे सहा दिवस चालायचं.

आम्रपाली ओव्हाळ २००१ साली पीएच.डी.ला आली. येरवड्याहून दोन बस बदलून यायची. वडील सीतारामराव कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. धाकटा भाऊ चेतन हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. ते दिवसच तसे होते. संगणकासमोर नुसतं बसता आलं तरी कंपन्या बोलावून घेत, आणि हिला तर उत्तम प्रोग्रॅम लिहिता यायचे. तरी ही एका प्रोटीनच्या मागे लागलेली. मी एकदा विचारलं, "हे प्रोटीन तुला देतं काय?"

"देत काही नाही काका. नुसतं भाव खातं."

तिचं काम मला समजलं ते असं. संगणकात पाण्याची एक पेटी मांडायची, मधोमध प्रोटीन सोडायचं आणि त्याचा एकेक अणू कुठे सरकतो ते बघत बसायचं. महिनोन्‌महिने यंत्र चालवावं तेव्हा प्रोटीनच्या आयुष्यातला निमिषाच्याही कोटीव्या भागाएवढा वेळ हाती लागतो. तिच्या प्रोटीनला एक खाच होती आणि एक लोंबती शेपटी. औषध त्या खाचेत शिरायचं असतं. शेपटी झाकणासारखी खाचेवर येऊन बसते का, एवढाच प्रश्न. त्या एका प्रश्नावर तिचा प्रबंध उभा होता.

पहिलं गणित लावायच्या दिवशी ती माझ्यापाशी बसून बोटं मोडत होती. तिने मांडलेली पेटी मोठी होती, आणि जितकं पाणी जास्त तितका वेळ जास्त. नऊ-दहा महिने लागले असते. फेलोशिप तर पुढच्या जूनपर्यंतच होती.

मी म्हटलं, "पेटी लहान कर. पाण्यालाच तर वेळ लागतोय. पाण्यावर का कुणी पीएच.डी. देणार आहे?"

ती हसली नाही. दोन दिवस विचार केला आणि तिने पेटी लहान केली.

चार महिन्यांनी शेपटी खाचेवर बसली! शेपटी आणि खाच यांच्यातल्या अंतराचा आलेख सरळ खाली आला आणि खालीच राहिला. शर्मिला मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. कौतुकाच्या बाबतीत हात आखडताच. त्यासुद्धा म्हणाल्या, "बरं आहे." आमच्याकडे याला पेढे वाटायची पद्धत होती. निबंध लिहिला गेला, परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं, की निबंध छापून आला की पुढच्या संशोधनासाठी या. येरवड्यात चंद्रभागाबाईंनी, तिच्या आईने, लेकीसाठी स्वेटर विणायला घेतला.

मग जानेवारीतला तो गुरुवार. यंत्र बंद. बॅटरीवर एकच संगणक चालायचा, त्यावर ती छपाईसाठी चित्र करत होती. तोवर ती नेहमी खाच मोठी करून तेवढंच पाहायची. नियतकालिकाला अख्ख्या पेटीचं चित्र हवं होतं. मी चहा घेऊन उभा होतो. पेटीच्या उजव्या भिंतीपाशी शेपटी कापल्यासारखी संपत होती, आणि डाव्या भिंतीतून एक तुकडा निघून खाचेवर बसला होता.

"शेपटी तर इथे भिंतीत गेली," मी म्हटलं. "मग खाचेवर बसलीये ती कुणाची?"

"तिचीच. पेटीच्या चारी बाजूंना तशाच पेट्या आहेत असं धरतात, काका. म्हणजे भिंतीला टक्कर नको. इकडून बाहेर पडलं की तिकडून आत..."

वाक्य तिथेच राहिलं. तिचा चेहरा उतरताना मी पाहिला. शेजारच्या पेटीतल्या प्रोटीनची शेपटी या प्रोटीनच्या खाचेवर बसली होती, आणि याची शेपटी पलीकडच्याच्या. पेटी इतकी लहान, की शेपटी लांब झाल्यावर तिला दुसरं काही सापडेना. खरं प्रोटीन पाण्यात एकटं असतं. त्याला शेजारी नसतो.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "हे खोटं आहे."

पेटी कुणी लहान करायला सांगितली होती हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

छपाईआधीची शेवटची तपासणी पाठवायला पुढचा शुक्रवार ठरलेला होता. म्हणजे आठ दिवस. ती रोज यायची, बसायची, काहीही न करता जायची. मी म्हणालो, "कोण बघतंय एवढं? जाऊ दे छापून. पुढच्या निबंधात दुरुस्त कर." आजही हे लिहिताना लाज वाटते.

"मी बघितलं ना," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर चूक म्हणाले असते. माझ्या हातून झालं म्हटल्यावर काय म्हणतील, ठाऊक आहे ना तुम्हाला? म्हणतील, कोट्यातून आलेली."

मला ठाऊक होतं. आमच्या विभागात असं मोठ्याने कुणी म्हणत नसे, चहाच्या वेळी हळू म्हणत.

मंगळवारी सीतारामरावांचा विभागात फोन आला. "तांबोळीसाहेब, आमची आम्रपाली धड जेवत नाही. तिकडे काही झालंय का?"

"काम वाढलंय हो," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी वातानुकूलन दुरुस्तीच्या कागदावर सही घ्यायला मी मॅडमच्या खोलीत उभा होतो, तेवढ्यात ती आत आली. मी निघू लागलो. मॅडम म्हणाल्या, "थांबा, सही करते." सही राहिलीच. आम्रपालीने चित्र टेबलावर ठेवलं आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

मॅडम चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छापून यायच्या आधी सांगितलंत, हे उपकारच म्हणायचे." रागावल्या की त्या अहो-जाहो करत. "आणि पेटी एवढी लहान ठेवायचा सल्ला कुणाचा?"

मी कागद हातात घेऊन दाराशी उभा. आता ती माझ्याकडे बघेल, मग मला बोलावंच लागेल, असं वाटलं. तिने बघितलं नाही.

"माझाच निर्णय होता, मॅडम."

मी काही बोललो नाही. निवृत्तीला सहा वर्षं होती, इतकंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

निबंध मागे घेतला. जर्मनीतली जागा दुसऱ्या कुणाला गेली. चेतनने कंपनीत शब्द टाकला, त्याला तिने नाही म्हटलं. पेटी मोठी करून गणित पुन्हा पहिल्यापासून लावलं. जूनमध्ये फेलोशिप संपली, तेव्हा सकाळी कर्वेनगरच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवू लागली आणि दुपारी विभागात यायची. दर गुरुवारी यंत्र बंद करताना आणि संध्याकाळी सुरू करताना मी आयुष्यात कधी घेतली नसेल इतकी काळजी घेतली. एक दिवस वाया जाऊ दिला नाही. तेवढ्याने फिटलं असं मी स्वतःला सांगायचो.

नऊ महिन्यांनी उत्तर आलं. शेपटी खाचेवर बसतच नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग तुम्हाला सापडलं काय?"

"खाच उघडी राहते, हे सापडलं, सर. आणि ती बंद झाल्याचा भास कशाने होतो, तेही."

नंतर व्हरांड्यात सामोसे होते. सीतारामराव कोट घालून आले होते. सगळ्यांदेखत मॅडम म्हणाल्या, "हिने स्वतःची चूक स्वतः पकडली. माझ्या नोकरीत असा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही." आम्रपालीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. बोलायचं तर ती वेळ होती. मी ताटलीतला सामोसा कुस्करत राहिलो.

आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. मी कधी गेलो तर उठून खुर्ची देते, काका म्हणते. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलत नाही. मॅडम निवृत्त होऊन वारज्याला राहतात. त्यांचा नंबर माझ्या डायरीत आहे.