लाव्हा येणार नाही

नवऱ्यालासुद्धा हे कधी कळू दिलं नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं. दोह्यातल्या आमच्या डिझाइन ऑफिसात सुट्टी म्हणजे लॉटरीच — सेक्शनमधून एका वेळी एकच माणूस. शेजारच्या टेबलावरचा सलीम, रत्नागिरीचा, मला ताई म्हणायचा. आधी त्याचे दहा दिवस होते, मग माझे — बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी. त्याने तारीख पुढे ढकलली असती, तर माझी सुट्टी खलास.

तो रेहानाला, बायकोला, घेऊन बर्फाचा डोंगर बघायला चालला होता. लग्नानंतरची पहिली सहल. डोंगर ज्वालामुखीचा — आणि आठवडाभर आधी तो धुमसायला लागला. ऑफिसात जिऑलॉजी शिकलेली मी एकटीच. हॉटेलचा नकाशा माझ्यापुढे धरून सलीमने विचारलं, "ताई, लाव्हा इथपर्यंत येल काय हो?"

डोंगर तीस किलोमीटर लांब. पण हॉटेल नदीच्या अगदी काठावर!

मला नदीच दिसली आधी. असा डोंगर पेटला की वरचा बर्फ वितळतो, राख-दगड घेऊन चिखलाचा लोंढा नदीच्या पात्रातून सुटतो. लाव्हा पोचत नाही तिथे तो तासाभरात पोचतो. परीक्षेत लिहिलंय हो मी हे, आकृतीसकट!

आणि म्हणाले काय? "छे रे! लाव्हा नाही येणार."

खोटं होतं का? नव्हतंच — हीच माझी हुशारी. विचारलं तेवढंच सांगितलं. नदीचं नावही काढलं नाही. "यल्ला, चला, जातो मग," म्हणून तो हसला, आणि मला — हो, मला हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी चिखल आला. सलीम पाव आणायला चढावरच्या दुकानात गेला होता. रेहाना खोलीत होती.

मी लग्नाला गेले. नटले, मिरवले. जनाची नाही, मनाची तरी?

दोह्यात परतल्यावर सलीमच्या घरी भेटायला गेले; आणखीही लोक आले होते. धोका होता तर गेलासच कशाला, असं कुणीतरी त्याला बोललं. तर तो माझ्याच बाजूने भांडला — "ताईंना विचारूनच गेलो होतो. त्या बोलल्या लाव्हा येणार नाय, आणि लाव्हा आलाच नाय. त्यांचा काय दोष?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओढणी डोळ्यांना लावली.

मला माहीत होतं. सुट्टी जाऊ नये म्हणून मी गप्प बसले, आणि रेहाना गेली. सलीम दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येतो. मी खाते.