घोळीवरचं फुलपाखरू

"काका, बाबा झोपेतच गेले…" वसंताच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी गच्चीत झाडांना पाणी घालत होतो. नव्वदी ओलांडलेला माझा दोस्त कुणाला त्रास न देता गेला. वाईट वाटलंच, पण पाठोपाठ हसूही आलं, कारण पहिल्यांदा आठवला तो कुंपणाशी वाकलेला 'ठिपकेराव'.

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते. आम्ही दोघं एका कंपनीत सुटे भाग तपासायचो. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे आणि हा कुंपणालगतच्या रुईच्या झुडपापाशी. तिथल्या नारिंगी फुलपाखरांच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, हे त्यानेच मला दाखवलं. एखाद्याला मात्र कडेला एकच ठिपका असायचा. बाकी सगळं हुबेहूब. "माल तोच, पीस रिजेक्ट," आम्ही म्हणायचो. "रिजेक्ट न्हाई, जातच वेगळी हाय," तो हट्टाने म्हणे. सगळं खातं त्याला ठिपकेराव म्हणू लागलं. तो हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं.

मग एक-ठिपकेवाली त्याला त्याच्या गावी, माणला, घरच्या परसात घोळीवर अंडी घालताना दिसली. रुईवरची घोळीला शिवतही नाहीत! पठ्ठ्या रोज अळ्या जपू लागला… आणि एका संध्याकाळी ताटात घोळीची भाजी. "पाठीमागं लई माजली हुती," त्याची आई म्हणाली, "अळ्या बी हुत्या, झटकल्या." वसंताने ती भाजी खाल्ली. सकाळी धुण्याच्या दगडाआड एक काडी वाचलेली सापडली, तिच्यावर एकच अळी. तिचा कोष झाला, आणि त्यातून निघालं काळंकुट्ट, पांढऱ्या टिकल्यांचं काहीतरी. खात्यात हसून हसून पुरेवाट झाली.

त्यानंतरच्या रविवारी त्याने मला मुद्दाम घरी बोलावून घेतलं. दगडावर तसलंच एक काळं आणि एक एक-ठिपकेवाली शेपटीला शेपूट जोडून बसली होती.

"नवरा-बायको हायेत, राव. जातच वेगळी हाय की न्हाई?" तो कुजबुजला. पोरीचं लग्न जमल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता. दुसऱ्या दिवशी खात्यात ते मी सांगितलं, त्याला तोंड उघडू दिलं नाही.

परवा माणला वहिनींना भेटून आलो. त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं, घोळीचीच भाजी होती. हात धुवायला परसात गेलो, तर दगडालगत घोळीचा एक कोपरा तसाच राखलेला. मी थबकलेला पाहून वहिनी म्हणाल्या, "त्येवढी खुडायची न्हाई. सासूबाईंनीच घालून दिलंय… ती त्यांच्या वसंताची."