जांभळा डाग

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्याकडे कधी जेवायला येणार नाही — म्हणजे तुमच्या डोळ्याला डोळा देत वाढायची वेळ माझ्यावर येणार नाही.

गोष्ट आमच्या जुन्या टीव्हीची आहे. टीव्हीत कसलं आलंय पाप, असं वाटेल तुम्हाला. मीही बरीच वर्षं स्वतःची तशीच समजूत घातली.

मी ठाण्याची. लग्न होऊन वसईच्या खाडीकाठच्या गावात आले. केळीची वाडी, बैठं घर, आणि सासरे — आमचे बाबा. जन्मभर वाडीत राबलेला माणूस, पण कानांनी अधू. ह्यांनी टीव्हीच्या मागून वायर काढून त्यांच्यासाठी एक लाकडी स्पीकर जोडला होता. बाबा त्याला डबा म्हणत. खुर्चीशेजारी स्टूल, स्टुलावर डबा, आणि डब्याला लावलेला कान. मग बातम्या लागोत की मालिका, स्वारी खूश. मालिकेतली कुठली सून खोटारडी आहे, तेही मला हाक मारून सांगायचे.

मला त्या सगळ्याची लाज वाटायची. हो, लाजच. बहीण एकदा आली तेव्हा डब्याचा दणदणाट ऐकून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे टीव्ही बघायचा की भजनाला बसायचं?" मी हसले, पण ते लागलं. पुढे गणपतीत सगळं माहेर येणार होतं. माणिकपूरच्या दुकानात जुना टीव्ही देऊन नवा नेता येत होता. पण ह्यांचं एकच — चालतोय ना? आणि तो मेला चालत होता. धडधाकट टीव्ही कोण बदलतं?

मग मी तो बिघडवला.

ह्यांनी गोखिवऱ्याच्या कारखान्यातून आणलेलं एक लोहचुंबक माझ्या शिवणाच्या पेटीत असायचं, सांडलेल्या सुया गोळा करायला. दुपारी बाबा वाडीत गेल्यावर मी ते चालू टीव्हीच्या काचेवर फिरवलं. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा हिरवा झाला, तोंड वाकडं झालं. चुंबक काढलं तरी कोपऱ्यात जांभळा डाग राहिला, आणि चित्र तिथे ओढल्यासारखं. भीती वाटली का? थोडी. आनंद जास्त झाला.

इथपर्यंतचं मी एखाद्या दिवशी हसत हसत सांगूनही टाकलं असतं. पण —

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, डाग बराचसा घालवता येईल, चित्र थोडं वाकडं राहील. बाबांना दुरुस्तीच हवी होती. नव्या टीव्हीला डबा जोडता येईल की नाही, याची त्यांना धास्ती होती. तेवढ्यात त्याने सहज विचारलं, टीव्हीजवळ कुणी मॅग्नेट आणलं होतं का? मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघतायत. कुणी बघत नव्हतं. आणि मी म्हणाले, "बाबा डबा टीव्हीला लावून ठेवतात कधी कधी. स्पीकरमध्ये मॅग्नेट असतं ना?"

डबा त्या स्टुलावरून कधी हलला नव्हता. मला ते माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. ह्यांनी त्यांच्या कानात ओरडून माझं बोलणं पोचवलं. बाबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं आता. पण ते म्हणाले, "ठेवला आसंल. ती बोलते त ठेवला आसंल. माज्या ध्यानात नाय ऱ्हात आता."

चोर सोडून संन्याशाला सुळी — आणि इथे संन्याशालाच वाटायला लागलं की आपण चोर.

"माज्यानं घान झाली, नवाच आना," असं मग बाबाच म्हणाले. डबा त्यांनी स्वतः काढला. हे म्हणाले, लांबच ठेवू, जोडतो. बाबांनी जोडू दिला नाही. खुर्चीसुद्धा मागे दाराशी नेली. गणपतीत माझ्या माहेरच्यांनी नव्या टीव्हीचं कौतुक केलं. बाबा दाराशी बसून आमच्या तोंडांकडे बघायचे, आणि आम्ही हसलो की हसायचे. मला ते दिसत नव्हतं का? रोज दिसायचं. रोज मी आत जाऊन भाकऱ्या थापायला घ्यायचे.

काही वर्षांनी एका संध्याकाळी विजेची ये-जा झाली आणि नव्या टीव्हीचं चित्र थरथरायला लागलं. मी बाहेर आले तर बाबा खुर्चीसमोर उभे. दोन्ही हात पुढे धरलेले, रिकामे — मला दाखवायला.

"मी नाय गो, सूनबाय. मी हितंच बसलेलो. हात पन नाय लावला."

घरातला सगळ्यात मोठा माणूस, माझ्यापुढे असा. तेव्हा तरी सांगायला नको होतं? मी त्यांच्या कानाशी गेले. तोंड उघडलं. आणि मोठ्याने म्हणाले, "असू दे, बाबा. मागचंही मी कधीच विसरले."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माफ केलं मी त्यांना — कळतंय ना तुम्हाला? मी, त्यांना.

बाबा आता नाहीत. जाईपर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "गुनी हाय माजी सून. मोठ्या मनाची."