पुढच्या दुकानात बघा, बाई

काउंटरपलीकडे उभी असलेली ती बाई माझी बायको होती, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

इंदिरानगरातल्या एका मेडिकलमध्ये मी काउंटरला. ती त्याच भागात घरोघरी पोळ्या करते. दोन पोरं होती, तिसरं झेपणारं नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपाताच्या गोळ्या लिहून दिल्या. मी रोज म्हणायचो, उद्या आणतो. शेठकडे मागायची हिंमत होईना. शेवटी तीच आली. हाताला पीठ तसंच.

शेठनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. गिऱ्हाईकांना ऐकू जाईल अशी. "असलं काही ठेवत नाही आम्ही. ह्या लोकांचं बरं असतं. मजा यांनी करायची, निस्तरायचं आम्ही."

कुणीतरी हसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पुढच्या दुकानात बघा, बाई."

गोळ्या होत्या. गल्ल्याखालच्या खणात. बंगल्यातून एखाद्या मॅडमचा फोन आला की शेठ त्या गोळ्या खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात घालायचा. चिठ्ठी मागायचा नाही. घरपोच द्यायला मी जायचो.

ती पार द्वारका चौकापर्यंत दुकानं फिरली. सगळीकडे एकच उत्तर, नाही. परत डॉक्टरीणबाईंकडे गेली, तोवर गोळ्यांची वेळ टळली होती. दाखल व्हावं लागलं. मी सुट्टी मागितली नाही, कारण सांगावं लागलं असतं. तिच्या उशाशी शेजारीण बसली.

घरी आल्यावर एवढंच बोलली, "वळख नव्हती दाखवायची, तर निदान गोळ्या तरी द्यायच्या."

तेव्हापासून ती कामाला लांबच्या रस्त्यानं जाते. दुकानावरून नाही.

आज एक तरुण बाई आली. हातात तसलीच चिठ्ठी. शेठनं ती तशीच मोठ्यानं वाचली. तेच बोलला. "ह्या लोकांचं." ह्या लोकांत मी पण होतो, कायमच होतो.

मी खण ओढला. "आहेत," म्हणालो.

"कोणाला विचारून?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे, शेठ."

खोक्यात लपवल्या नाहीत. कधी काय घ्यायचं ते सांगितलं. रक्त फार गेलं तर थेट दवाखाना गाठा, हेही सांगितलं. ती गेल्यावर शेठ म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

उद्या जाणार आहे. कामाला नाही. भर गर्दीच्या वेळी, त्याच काउंटरसमोर उभं राहून म्हणायचंय, त्या दिवशी तुम्ही जिला हसलात ती माझी बायको. तिचं एवढं देणं माझ्याकडे राहिलंय.