कालव्याचं पाणी आधी की राणीची साखर?

लग्न होऊन मी सांगवीला आले तेव्हा चौथी शिकलेली सून म्हणून माझा भारी तोरा होता. तो फार टिकला नाही. मला तारखा ठाऊक होत्या, पण त्या घरात तारखेला कुणी विचारत नसे. बारामतीला आगगाडी आली ते साल, प्लेगात गाव माळावर राहायला गेलं ते साल, अशी इथली मोजणी. विलायतेचा राजा वारला, शाळांना सुट्टी मिळाली, तो दिवस आमच्याकडे तांबडी गाय व्यायली तो दिवस म्हणून लक्षात राहिला. सासूबाईंना राजाचं विचारलं तर त्या खरवसाचं सांगायच्या.

राजा गेला त्याच वर्षी आमचे चुलत आजेसासरेही गेले, आणि खरी पंचाईत झाली. पोळ्याला वेशीतून पहिला बैल आमच्या भावकीचा जायचा, आणि तो धरायचा मान भावकीतल्या वयानं थोरल्या माणसाचा. आता उरले दोघे: माझे मामंजी, ज्यांना गाव तात्या म्हणे, आणि त्यांचे चुलतभाऊ आबा. दोघांत थोरला कोण?

मामंजींनी तर श्रावण लागताच बारामतीहून बैलाला नवी झूल आणली होती. रोज संध्याकाळी ती उलगडायची, झटकायची, पुन्हा घडी करायची. घडी अर्थात मी करायची. मला राग यायचा आणि त्यांची दयाही यायची. आयुष्यभर ते दुसऱ्याच्या बैलामागून वेशीत शिरले होते.

आमच्या घरात सांगत, तात्या जन्मले कालव्याचं पाणी आलं त्या दिवशी. त्यांच्या घरात सांगत, आबा जन्मले राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून साखर वाटली त्या दिवशी. मी पाटीवर हिशेब मांडला: कालवा आधी, साखर नंतर. मामंजी खूश होऊन म्हणाले, "शिकल्याली सून हाय बाबा!"

दुसऱ्या दिवशी आबा दारात उभे. "सूनबाई, पाणी दोनदा आलं व्हतं. आदी साहेबाला दावायला सोडलं. साहेब घोड्यावर बसून गेला, तसं बंद. पिकाला पाणी आलं ते लई मागनं. साखर वाटली ती मधी. आता तुझा सासरा कुठल्या पाण्याचा, ते पाटीवर काढ."

पाटीवर ते निघेना. मामंजी म्हणत, मी साहेबाच्या पाण्याचा. आबा म्हणत, पिकाच्या. दोघांचं बोलणं बंद झालं, दोन घरांतली ताकाची देवघेव थांबली, आणि पुरणाला लागणारं आमचं मोठं पातेलं त्यांच्याकडे अडकून पडलं.

पोळ्याच्या दिवशी दोघेही बैल सजवून वेशीत हजर. दोन्ही बाळंतपणं पाहिलेलं एकच माणूस गावात होतं: मामंजींची बहीण, आमच्या आत्याबाई. ऐन तरुणपणी नवरा गेला तशा त्या माहेरी आल्या, आणि तेव्हापासून भाजीचा मळा आणि भावांची तोंडं, दोन्ही आवरत होत्या. पाटलांनी त्यांना बोलावून घेतलं.

"आक्का, देवाला स्मरून सांगा. तात्या कुठल्या पाण्याचा?"

आत्याबाईंनी पदर खोचला. "पाणी आलं तवा समद्या बाया नारळ घिऊन कालव्यावर गेल्या. मी घरी. का? तर आई बाळंत व्हत व्हती, अन् चुलीपशी मी. साखर वाटली तवा समदी पोरं चावडीवर पळाली. मी घरी. का? तर काकीचं ह्ये बाळ माज्या मांडीत. मला ना पाणी दिसलं, ना साखर घावली."

"ते खरं, पर आदी कोण?"

"आदी मी."

सगळ्यांनी त्यांना साक्षीला धरलं होतं, त्यांचं वय कुणी धरलंच नव्हतं.

"अगं, तू बाईमाणूस," मामंजी म्हणाले. "बैल वढंल तुला."

"तुमी दोघं काय कमी वढाळ व्हता? आवरलंच का न्हाय?"

पाटील म्हणाले, "पर लेक दुसऱ्या भावकीची असती."

"त्या भावकीनं मला ठिवून घेतली का?"

आबांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी आबांकडे. एकमेकांपेक्षा आक्का परवडली, हे दोघांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं.

"आक्काच धरंल," आबा म्हणाले.

"व्हय, आक्काच," मामंजी घाईनं म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बैलाचा कासरा आत्याबाईंच्या हातात दिला. नवी झूल आमच्याच बैलावर आहे, हे मात्र त्यांनी बरोबर साधलं.

आत्याबाई तोरणाखालून गेल्या. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली ती बाई सगळ्या गावाच्या पुढे चालली होती. मी वेशीतच रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. दुपारी पातेलं परत आलं.

मी मागाहून विचारलं, "पण खरंच, दोघांत आधी कोण?"

"मला ठावं हाय की. मी गेल्यावर भांडूंद्यात. तवर दोघंबी धाकटीच."

पुढे माझ्या मुलीचं नाव शाळेत घालायला गेले. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. मला ती तोंडपाठ होती, पण तोंडातून निघालं, "आत्याबाईंनी बैल धरला, त्याच्या पुढल्या चैत्रातली."

गुरुजींनी मान वर न करता बरोबर साल लिहिलं.