साक्षीला उभ्या राहिलेल्या म्हात्रे मॅडम

प्रा. यमुना म्हात्रे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते रोह्याच्या बाजारात. मासळीवालीसमोर उकिडव्या बसून एक बाई अस्सल आगरी बोलीत घासाघीस करत होत्या. "गो, ह्यो जवला यंदाचा नाय वाटत! वास घेऊन बग तूच." मासळीवाली हसत होती, त्याही हसत होत्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात इंग्रजीच्या पहिल्या तासाला त्याच बाई वर्गात आल्या, हजेरी घेतली आणि अशा इंग्रजीत बोलू लागल्या की आम्ही वह्या उघडायचं विसरलो. माझे वडील कंपनीत शिफ्टला जायचे. आमच्या घरात इंग्रजी बोलणं म्हणजे साहेबाचं बोलणं. दोन्ही आवाज एकाच माणसाचे असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर माझं थक्क होणं अजून संपलेलं नाही.

आज मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहिणारी अधिकारी माणसं आहेत. मी एका शाळेत इंग्रजी शिकवतो. मला त्यांचा एक धडा आणि त्या धड्यामागून आलेली एक घटना, एवढंच सांगायचं आहे.

आमच्या अभ्यासक्रमात एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. कापसाच्या शेतांमधलं छोटं गाव. एका गोऱ्या जमीनदाराचं धान्याचं कोठार जळतं आणि आळ येतो गावाबाहेर राहणाऱ्या काळ्या लोहारावर. आग लागली तेव्हा तो लोहार दुसरीकडे होता, हे पोस्ट सांभाळणाऱ्या एका गोऱ्या विधवेने पाहिलेलं असतं, पण ती गप्प राहते. खटल्यात निवाडा देणारे पंच सगळे गोरे. लोहाराला शिक्षा होते. आम्ही गाइडमधून सारांश पाठ केला होता आणि परीक्षेपुरतं ते पुरलंही असतं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "या गावात वाईट माणूस कोण?"

"जमीनदार!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"बरं. जमीनदार एक. मग बाकीचं गाव काय करत होतं?"

मग त्यांनी ज्या पात्राकडे आमचं लक्षही गेलं नव्हतं त्याच्यावर अख्खा तास घेतला. पंचांमध्ये एक किराणा दुकानदार आहे. लोहाराच्या पोरांना गोळ्या देणारा, कोणाशी वाकडं न बोलणारा. तोही शेवटी 'दोषी' म्हणून हात वर करतो. "का?" मॅडम म्हणाल्या. "द्वेष म्हणून? पुस्तकात शोधा, सापडतो का बघा." आम्ही शोधलं. द्वेष सापडला नाही. सापडलं ते एवढंच की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दुकान उघडायचं होतं आणि गिऱ्हाईक त्याच गावचं होतं. पात्र समजून घेणं म्हणजे त्याच्या जागी बसून त्याला काय काय गमवावं लागेल ते मोजणं, हे मी तिथे शिकलो. आजही वर्गात मी तेच शिकवतो.

कादंबरीची सामाजिक पार्श्वभूमी शिकवताना त्यांनी फळ्यावर अमेरिकेचा नकाशा काढला नाही. त्या गावाचा काढला: गोऱ्यांची घरं, चर्च, दुकान, पोस्ट, आणि ओढ्यापलीकडची काळ्यांची वस्ती. मग म्हणाल्या, "आता आपापल्या गावाचा काढून आणा." कोणी वरसे काढलं, कोणी धरमतरकडची मिठागरं काढली. देवळं, शाळा, एसटीचा थांबा, सगळं होतं. सगळे कागद टेबलावर मांडून त्या शांतपणे म्हणाल्या, "एकाच नकाशात कातकरी वाडी आहे. बाकीच्या गावांत आदिवासी राहत नाहीत का?" तो एक नकाशा सुनंदा हिलमचा होता. गडबजवळच्या डोंगरउतारावरच्या वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. शेवटच्या बाकावर बसायची, बोलायची नाही. तिच्या नकाशात वाडी मधोमध होती आणि गाव कडेला.

त्यानंतर काही दिवसांनी, भातकापणीच्या दिवसांत, एका सकाळी तास चालू असताना सुनंदा दारात येऊन उभी राहिली. एसटी स्टँडवरून धावत आली असावी, धाप लागली होती.

"मॅडम, दादाला धरलाय. बांधून ठेवलाय गावात. मोटार चोरली म्हनतात."

तिचा दादा म्हणजे थोरला भाऊ बाळू. आदल्या दिवशी भरदुपारी गडबच्या एका शेतावरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. बांधावरून एक कातकरी जाताना दिसला, असं कोणीतरी म्हणालं. त्या सकाळी गावाने बाळूला पकडलं.

मॅडमनी विचारलं, "कोणाची मोटार?"

सुनंदा खाली बघत म्हणाली, "गणपत पाटलांची."

वर्गात कोणाला काही कळलं नाही, पण मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गडब हे त्यांचं माहेर आणि गणपत पाटील त्यांचे सख्खे थोरले भाऊ. आणि ज्या दुपारी मोटार गेली त्या दुपारी बाळू रोह्याजवळ वरशाला मॅडमच्याच घरी होता. पावसात ढासळलेला कुंपणाचा दगडी गडगा तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रचत होता. मॅडमना त्या दिवशी सुट्टी होती. त्याला दुपारचं जेवण त्यांनीच वाढलं होतं.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "कोणी येतं का माझ्याबरोबर?" आम्ही तिघं उठलो. एसटीची वाट न बघता सहा आसनी रिक्षा केली आणि सुनंदाला घेऊन निघालो.

गडबला देवळासमोर माणसं जमली होती. बाळूला ओट्याच्या खांबाला दोराने बांधलं होतं. ओठ फुटला होता, सदरा फाटला होता. सुनंदा रडायलाही विसरली होती. मॅडमना बघून गणपतदादा पुढे आले.

"यमू, तू कशाला आलीस? घरा चल. वैनी हाय घरात."

"दादा, बाळू काल दिवसभर माझ्या घरी होता. माझ्या डोळ्यांसमोर गडगा रचत होता. दोर सोडायला सांग."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बाईंनी कालेजात शिकवावा. गावचा गावाला बगू द्या."

दादांचा आवाज चढला. "मंग मी खोटा काय? चार मानसांत माज्या बहिनीनं मना खोटा पाडायचा?"

"तू खोटा नाहीस. तुझी मोटार गेली, हे खरं आहे. बाळूने नेली नाही, हेही खरं आहे."

कोणी हललं नाही. तेव्हा मॅडम ओट्यावर चढल्या आणि बाळूशेजारी, त्या खांबाला पाठ टेकून, जमिनीवर बसल्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला कॉलेजची पर्स. "त्याला सोडेपर्यंत मी इथेच आहे," एवढंच म्हणाल्या. मी आयुष्यात भाषणं पुष्कळ ऐकली आहेत. त्या बसण्याइतकं मोठं भाषण मी ऐकलेलं नाही. पाटलांची लेक, कॉलेजची प्राध्यापिका, आपल्याच गावच्या देवळासमोर एका कातकऱ्याशेजारी धुळीत बसली होती आणि समोर तिचा भाऊ होता. थोड्या वेळाने गर्दीतल्याच एका म्हाताऱ्याने वर चढून दोर सोडला. आणखी मारहाण टळली. पण फिर्याद आधीच दिलेली होती. पोलीस आले आणि बाळूला घेऊन गेले.

खटला पेणच्या कोर्टात चालला. वकील मॅडमनी शोधला. तारखा पडत गेल्या, आमची पदवी झाली, तरी तो चालूच होता. मॅडमची साक्ष होती त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीची बहीण तुमची विद्यार्थिनी आहे. तुमचा तिच्यावर जिव्हाळा आहे, हे खरं ना?"

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "जिव्हाळा आहे म्हणूनच मला बाळूचा चेहरा माहीत आहे. बांधावर ज्यांनी कोणाला पाहिलं, त्यांना 'कातकरी होता' एवढंच सांगता येतंय. चेहरा त्यांनी सांगितलेला नाही."

पुढे निकाल लागला. बाळू निर्दोष सुटला. मोटार कोणी नेली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

किंमत मॅडमनी मोजली. माहेर तुटलं. भाऊबीजेला वहिनींचा निरोप आला, "यंदा येऊ नका, लोकांना बरा दिसनार नाय." पुढे भाच्याच्या लग्नाचं आमंत्रणही आलं नाही. लग्नाच्या दिवशी मॅडम नेहमीप्रमाणे कॉलेजात आल्या आणि तास घेतला. यातलं काहीही त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. सुनंदाकडून कळलं.

एकदा मी भारावून म्हणालो, "मॅडम, कादंबरीतल्या पोस्टातल्या बाईने जे केलं नाही ते तुम्ही केलंत." त्यांना ते आवडलं नाही. "तिला नावं ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "नवरा नव्हता तिला, सरकारी खोली सोडून घर नव्हतं. मला पगार होता, घर होतं, घरी पाठीशी उभे राहणारे म्हात्रे होते. शिवाय तुम्ही पोरं रिक्षात बसला होतात. तिच्या रिक्षात कोणी नव्हतं." स्वतःच्या मोठेपणाचा हिशेब मांडताना इतकी वजाबाकी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मॅडमचा जिव्हाळा माझ्याही वाट्याला आला. वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा मी एम.ए. सोडून नोकरी धरणार होतो. मॅडम घरी आल्या, आईच्या शेजारी बसून तांदूळ निवडू लागल्या आणि निवडता निवडता म्हणाल्या, "वैनी, याला दोन वर्षं माझ्याकडे द्या. सकाळी माझ्या घरी शिकवण्या घेईल, दुपारी शिकेल." आईने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मी शिक्षक झालो तो असा.

मॅडम निवृत्त झाल्यावरची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ती लिहायची परवानगी त्यांनी बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर दिली. मी एका दुपारी वरशाला त्यांच्याकडे पुस्तकं परत करायला गेलो होतो. दारात रिक्षा थांबली आणि काठी टेकत गणपतदादा उतरले. इतक्या वर्षांत ते त्या घरी आले नव्हते. मी उठून जाऊ लागलो, तर मॅडमनी हाताने बस म्हणून खुणावलं. दादा खुर्चीत बसले. पाणी घेतलं.

"यमू, मना तवाच ठाव व्हता," ते म्हणाले. "तू ओट्यापाशी बोललीस तवाच. तू खोटा बोलनार नाय, ह्या मना ठाव नाय व्हय? पन चार मानसांत मागं कसा फिरू?"

मॅडमचे डोळे भरले. मला वाटलं, आता त्या भावाला जवळ घेतील आणि सगळं संपेल. त्या म्हणाल्या, "दादा, मला सांगितलंस, बरं केलंस. पण ज्याला सांगायचं तो वाडीवर आहे."

"आता? इतक्या वर्सांनी?"

"रिक्षा अजून बाहेरच आहे."

आम्ही तिघं गेलो. बाळू घरासमोर टोपली विणत बसला होता. केस पांढरे झाले होते. पाटलांना बघून सवयीने उठला. दादांनी काठी बगलेत धरली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बाळू, तू मोटार नेली नव्हतीस. मना म्हाईत व्हता. मी बोललो नाय."

बाळूने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, "पाटील, माजी आय त्याच सालात गेली. पोरगा चोर नाय, ह्या तिनं तुमच्या तोंडून ऐकाया पायजे व्हता."

दादा तिथेच, अंगणातल्या दगडावर, मटकन बसले. बाळूने त्यांना जा म्हटलं नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. तो पुन्हा विणायला बसला आणि ऊन कलेपर्यंत दोघं म्हातारे तसेच समोरासमोर होते. मॅडम थोड्या अंतरावर उभ्या होत्या. परतताना मला हळूच म्हणाल्या, "न्याय कोर्टातून मिळाला होता. ही वेगळी गोष्ट आहे. हिला उशीर झाला, पण झाली." सुनंदा आता आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती फोनवर नुसती रडत राहिली.

मॅडमची नजर आता अधू झाली आहे. गुडघेही कुरकुरतात. तरी दर रविवारी त्यांच्या ओसरीवर आम्ही जुने-नवे विद्यार्थी जमतो, कोणीतरी मोठ्याने वाचतं आणि त्या डोळे मिटून ऐकतात. वाचणारा एखाद्या बारक्या पात्रावरून भराभरा पुढे जाऊ लागला की त्यांचा हात वर होतो. "थांब. हा माणूस आत्ता काहीच बोलला नाही. का बोलला नाही, ते बघून मग पुढे जा."

मॅडम, तुमचं शरीर तुम्हाला साथ देवो, ओसरीवरची ही माणसं वाढत जावोत, आणि आमच्यातला कोणीही घाईने पुढे जाऊ लागला की तुमचा तो हात पुढची कितीतरी वर्षं असाच वर होत राहो.